माझ्या पोटातलं मीठ

मी एक जुनी मोटर आहे, होडीच्या मागे लटकणारी, पंचवीस अश्वशक्तीची. जुनी म्हटलेलं मला चालतं. निकामी म्हटलेलं चालत नाही. आणि मित्रांनो, गंमत अशी की माझ्या डोक्यावरच्या टोपणावर लाल ऑइलपेंटने नेमकं तेच लिहिलेलं आहे. ‘निकामी’. बोटभर जाड अक्षरं, लांबूनही वाचता येतील अशी. माझी गोष्ट ऐकायला बसलात तर आधी ते वाचून घ्या, हसायचं असेल तर हसून घ्या, आणि मग ऐका.

होडीची मोटर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जवळून पाहिली नसेल, म्हणून थोडं माझ्या शरीराबद्दल सांगते. वर टोपणाखाली माझं इंजिन असतं. खाली लांब पाय, तो पाण्यात बुडालेला. पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. इंजिन चाललं की तापणारच, आणि तापलं की त्याला थंड करायला पाणी हवं. ते मी कुणाकडे मागत नाही. मी ज्या पाण्यात उभी असते तेच पाणी पायाच्या भोकांतून ओढून घेते. आतली रबरी चक्री ते वर चढवते, ते इंजिनभोवतीच्या बारीक वाटांनी फिरतं आणि मागच्या एका छिद्रातून धार होऊन बाहेर पडतं. ती धार म्हणजे माझी नाडी. धार चालू आहे तोवर मी ठणठणीत. धार बंद झाली की थोड्याच वेळात माझी होळी. एवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारखान्यात सगळ्यांचं बालपण सारखंच असतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कोकणात, समुद्रावर. हिराजी तांडेल हा माझा पहिला मालक. अकरा वर्षं मी त्याची होडी ओढली. तो माणूस बोलायला कडक होता, पण एक नेम त्याने कधी मोडला नाही. समुद्रावरून परत आला की स्वतःच्या अंगावर तांब्याभर पाणी घेण्याआधी तो मला उतरवायचा, विहिरीच्या गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात माझा पाय बुडवायचा आणि दहा मिनिटं मला चालवायचा. मग मागच्या धारेला बोट लावून ते जिभेवर टेकवायचा. खारट लागलं की आणखी पाच मिनिटं. मे महिन्यात विहिरी तळाला जायच्या. तेव्हा त्याची बायको चिडून म्हणायची, इथे माणसांना प्यायला नाही आणि हिला रोज आंघोळ! तो म्हणायचा, हिने भर समुद्रात दम सोडला तर मी विहिरीपर्यंत पोचणारच नाही.

कारण असं आहे, मित्रांनो. खारं पाणी वाहतं असतं तोवर माझं काही बिघडवत नाही. ते आत थांबलं, वाळलं, की त्यातलं मीठ माझ्या आतल्या वाटांना चिकटून बसतं. आज चिमूटभर, उद्या चिमूटभर. मग वाट बंद, धार बंद, आणि मोटर खलास. हिराजीला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, पण त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

पुढे त्याने मोठी मोटर घेतली आणि मला एका व्यापाऱ्याला दिलं. मला वाईट वाटलं. पण कुणाचंच कुणावाचून अडत नाही, हे मी समुद्रावर पाहिलेलं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाने एका रविवारी मला समुद्रात चालवून पाहिलं. खूश झाला, शीळ घातली, आणि मला तशीच वाळूत आडवी टाकून, पोत्यात गुंडाळून घेऊन गेला. त्या संध्याकाळी माझ्यासाठी पिंप भरलं गेलं नाही.

एका संध्याकाळचा आळस तो! त्यानंतर दोन वर्षं मी एका बंद खोलीत पडून होते. आतलं पाणी वाळलं, मीठ जमलं, जमून दगड झालं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी दोन वर्षं त्याच मिठापायी तळमळत जागी होते.

मग कुणीतरी मला पुरात वापरायला म्हणून घेतलं. ट्रकमध्ये बसून मी समुद्राकडे पाठ फिरवली आणि दोन दिवसांनी गडचिरोली जिल्ह्यात उतरले. इथल्या कुठल्याशा गोदामात माझी नोंद झाली. त्या गोदामाचं नाव घेत नाही, उगाच कुणाला ठसका नको. तिथल्या माणसाने मला तलावात नेऊन चालवून पाहिलं. धार आली नाही. दहा मिनिटांत मी तापले आणि बंद पडले. त्याने माझं टोपणसुद्धा उघडलं नाही. लाल रंगाचा डबा मागवला, ब्रश बुडवला आणि माझ्यावर तो शब्द लिहिला. वर दोन पावलं मागे सरकून अक्षर चांगलं आलंय का तेही पाहिलं. माझ्या पोटात काय अडकलंय ते पाहायला त्याच्याकडे पाच मिनिटं नव्हती, पण वेलांट्या वळणदार काढायला वेळ होता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

तिथे मला गुणवंतराव भेटले. वैनगंगेच्या काठच्या हिवरटोल्याचे हे नावाडी. त्यांचे आजोबाही नावाडीच होते. हिवरटोल्याच्या एका बाजूला नदी आणि तीन बाजूंनी नाला. श्रावणात नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, पाण्याखाली गेला की गाव तुटतं. मग चामोर्शीला जायचं तर गुणवंतरावांची होडी आणि त्यांच्या हातातला बांबू, एवढाच आधार. पाणी कमरेएवढं, डोक्याएवढं असेल तोवर बांबू तळाला टेकतो. पूर चढला की बांबू तळाला लागत नाही आणि होडी पाण्याच्या मर्जीवर जाते. या वर्षी त्यांची लेक दिव्यानी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि तिची तारीख भर पावसात पडत होती. म्हणून गुणवंतराव मोटर मागायला आले होते.

“ही आहे एक,” गोदामातला माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “चालली तर तुमची. नाही चालली तर भंगारात टाका, परत आणू नका.”

गुणवंतरावांनी आपला दुपट्टा काढून माझ्याभोवती गुंडाळला आणि मला खांद्यावर घेतलं. एसटीत कंडक्टरने दुपट्ट्याखालची अक्षरं वाचली आणि हसला.

“भाऊ, हे निकामी पाहुणी कुठी घेऊन चालले?”

“घरी नेऊन राह्यलो,” गुणवंतराव म्हणाले. “पाहुणीले असं नाई म्हणत.”

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची झाले.

पण नुसत्या मायेने पोटातलं मीठ निघत नाही. हिवरटोल्याला पोचल्यावर त्यांनी मला होडीला लावलं, दोरी ओढली, मी सुरू झाले, आणि तलावात झालं तेच झालं. धार नाही, ताप, बंद. काठावर जमलेल्यांपैकी पत्रू नावाच्या गृहस्थांनी लगेच निकाल दिला, “समिंदराची मशीन आपल्या नाल्यात कायले चालते?” मी चालत होते हो! पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आतली वाटच बंद, तर धार कशी येणार?

दोन दिवसांनी सकाळी गुणवंतरावांनी चामोर्शीहून गफ्फारभाईंना आणलं. नाल्याला अजून बांबू टेकत होता, म्हणून आणता आलं. गफ्फारभाई धानाच्या शेतावरचे डिझेलपंप दुरुस्त करणारे मिस्त्री. दाढी पांढरी, चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. त्यांनी मला अंगणातल्या लाकडी घोडीवर टांगलं, टोपण काढलं, बोल्ट सोडवले आणि इंजिनाचं झाकण उचललं. आत पांढरं पडलेलं. त्यांनी नखाने थोडं खरवडलं, वास घेतला, मग जिभेवर ठेवलं.

“भाऊ,” ते म्हणाले, “हे तर मीठ होय.”

“मशीनमधी मीठ? काऊन?”

“समिंदरातून आली ना हे. समिंदर पोटात घेऊनच आली. पंचवीस सालांत मी असं कुठी पाह्यलं नाई. पंपातून गाळ निघते, खेकडा निघते, एक बार साप निघाला. मीठ पह्यल्यांदा निघून राह्यलं.”

मित्रांनो, दोन वर्षांहून जास्त काळ मी वाट पाहत होते की कुणीतरी आत डोकावेल आणि जे आहे ते नाव घेऊन सांगेल. ज्या माणसाने ते सांगितलं त्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. मला डोळे असते तर त्या वेळी भरून आले असते.

गफ्फारभाईंनी सायकलची तार घेतली आणि माझी एकेक वाट कोरायला लागले. गुणाबाई, म्हणजे गुणवंतरावांची बायको, चुलीवर पाणी गरम करून देत होती आणि ते कोमट पाणी मिस्त्री हळूहळू आत सोडत होते. मग सगळं पुन्हा जोडलं. अंगणात एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता, वरचा भाग कापलेला. गुणाबाईने हापशीवरून गुंडी गुंडी, म्हणजे कळशी कळशी, पाणी आणून तो भरला. माझा पाय त्यात बुडवला आणि दोरी ओढली.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग छिद्रातून एक फुसका आवाज आला, पांढरट थुंकी उडाली, आणि तिच्यामागून दोऱ्याएवढी धार आली. माझी धार! गफ्फारभाईंनी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. अगदी हिराजीसारखं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

“थू! मिठाचं पोतं होय का आत?” ते ओरडले. “पाणी बदला. डरम पालथा करा, दुसरा भरा.”

दुसऱ्या ड्रमला खारटपणा कमी झाला. तिसऱ्याला अगदी जिभेच्या टोकाला लागेल न लागेल एवढा उरला. दुपार झाली होती. “अखीन एक डरम,” गफ्फारभाई म्हणाले, “आन् हे मशीन तुमच्या नदीची झाली. बाई, तेवढा भरून ठेवा. आमी जेवून घेतो.”

आता ऐका पुढे काय झालं.

पुरुष माणसं पडवीत जेवत होती. गुणाबाईने चौथा ड्रम काठोकाठ भरला. अंगणात ती आणि मी, दोघीच. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि कनवटीची पुडी सोडली. पुडीत खडेमीठ होतं. ते मुठीत घेऊन तिने माझ्या टोपणावरून खाली पंख्यापर्यंत हात फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. “घरच्याची, दारच्याची, येणाऱ्याची, जाणाऱ्याची, कोनाची लागली असन तर उतरू दे माय,” ती पुटपुटली. “माह्या पोरीले नेऊन घाल वो पल्याड. तेवढंच कर.”

रोज संध्याकाळी ती दिव्यानीची दृष्ट अशीच काढायची, हे मी इथे आल्या दिवसापासून पाहिलं होतं. आज तिने माझी काढली. माझ्यावरून अकरा वर्षं समुद्राच्या लाटा ओवाळल्या गेल्या, पण माणसाने काही ओवाळलं नव्हतं. मी विरघळले, खोटं कशाला बोलू!

आणि मग तिने ड्रमवर हात नेऊन मूठ उघडली. सगळं मीठ पाण्यात. तिच्या माहेरचा रिवाजच तो, मीठ पाण्यात विरघळलं की लागलेली नजरही विरघळते.

अगं बाई! मी किंचाळले असते, पण मला तोंड नाही. दोन वर्षांचं मीठ तीन ड्रमांनी काढलं, आणि चौथ्यात ही माउली मूठभर परत घालते! ती शांतपणे हात झटकून आत गेली.

जेवून आलेल्या गफ्फारभाईंनी मला सुरू केलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धार चांगली करंगळीएवढी जाड येत होती. त्यांनी हसत बोट लावलं, जिभेवर ठेवलं, आणि त्यांचं हसू गेलं. पुन्हा लावलं. मग त्यांनी स्वतः मला बंद केलं आणि तिथेच दगडावर बसून राहिले.

नेमक्या त्याच वेळी मंजुषा सिस्टर आल्या. गावाच्या उपकेंद्रातल्या नर्स त्या, चालत नाहीत, धावतात. “गुणवंतभाऊ, वरच्या धरणाचं पाणी सोडून राह्यले म्हणून फोन आला. बांबू आताच टेकत नाई, उद्या सकाळपर्यंत नाला अखीन फुगते. दिव्यानीचं बीपी आज वाढलेलं हाये, पायावर सूज हाये. तिले आजच पल्याड न्या लागते. मशीन झाली का?”

सगळ्यांनी गफ्फारभाईंकडे पाहिलं.

“सिस्टर, मी झूट नाई बोलत,” ते म्हणाले. “तीन डरमांत मीठ कमी कमी होत गेलं. चौथ्यात दुप्पट आलं. याचा मतलब, आत लोखंड खाऊन मोठा खड्डा पडला हाये, आन् तिथून मीठ सुटून राह्यलं. इथी डरममधी चालून राह्यली ते ठीक. मधात धारेत बंद पडली तर? मी जबान नाई देऊ शकत.”

“मग मी पण तिले या मशीनवर नाई नेऊ शकत,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मागच्या साली मी एका बाईसंगं तीन घंटे पाण्यात अडकून होती. डोंगा बाभळीले लागला होता. तिच्या लेकराले मी वाचवू नाई शकली, भाऊ.”

पडवीतल्या खाटेवर दिव्यानी बसली होती. तिने सगळं ऐकलं. तिचा हात पोटावर गेला. गुणवंतराव कोपऱ्यातल्या बांबूकडे पाहत होते. गफ्फारभाई आपले पाने एकेक करून डब्यात टाकायला लागले, आणि प्रत्येक पान्याचा आवाज मला भंगारवाल्याच्या हाकेसारखा ऐकू येत होता.

मी तुम्हाला खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली नाही. मला संताप आला. माझ्यात खड्डा नव्हता! माझं लोखंड शाबूत होतं! एका लाल रंगवाल्याने मला न पाहता निकामी ठरवलं ते सोसलं, पण आता एक चांगला, प्रामाणिक, जाणता माणूसही तेच म्हणणार होता, आणि तेही परक्या मिठामुळे. मी घोडीवर नुसती टांगून होते. दोरी ओढल्याशिवाय मला हूं की चूं करता येत नाही.

तेवढ्यात ठसका आला. आधी गफ्फारभाईंना, मग सिस्टरना, मग सगळ्यांनाच. चुलीतून मिरच्यांचा धूर अंगणात शिरत होता. डोळे पुसत गफ्फारभाई वळले तर गुणाबाई माझ्यासमोर उभी, मूठ बंद, हात ड्रमवर.

“बाई, मिरची काऊन जाळून राह्यल्या?”

“लय जड नजर हाये मशीनले,” गुणाबाई म्हणाली. “मंगा एकदा उतरवली, नाई उतरली. म्हनून आता मिरचीसंगं उतरवली.”

“मंगा म्हणजे कवा?”

“तुमी जेवून राह्यले होते तवा.”

“आन् मुठीत का हाये?”

“मीठ.”

“मंगाचं मीठ कुठी टाकलं, बाई?”

गुणाबाईने ड्रमकडे पाहिलं. मग गफ्फारभाईंकडे. मग पुन्हा ड्रमकडे. तिच्या ध्यानात यायला लागलं होतं. “यातच,” ती हळूच म्हणाली. “पान्यातच सोडा लागते ना ते.”

गफ्फारभाई हातातला पाना घेऊन तसेच खाली बसले. गुणवंतराव लाल होऊन पुढे झाले. “अवो, तुले का अक्कल...” पण त्यांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण खाटेवरून हसण्याचा आवाज आला. दिव्यानी पोट धरून हसत होती. “माय वो! मिस्त्री बाहेर काढून राह्यले आन् तू अंदर टाकून राह्यली!”

गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुह्यासाठीच केलं ना बाई मी. अखीन मले का येते करता?”

तेव्हा गफ्फारभाई उठले. “रडू नका बाई. आमच्यात बी नजर उतरवते. माही माय अजून उतरवते माही, या उमरमधी. पण डरममधी नाई टाकत बाप्पा!” आणि तेही हसायला लागले. मग म्हणाले, “आता तुमीच धुवा हा डरम. तुमीच भरा.”

तिने धुतला तो. राखेने घासला, दोनदा विसळला, पदराने पुसला. हापशीवरून पाणी आणलं तेव्हा प्रत्येक गुंडीवर झाकण होतं, जणू कुणी वाटेत काही घालेल. पाचवा ड्रम भरून झाल्यावर ती दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभी राहिली.

मी चालले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. गफ्फारभाईंनी धार चाखली. गुणवंतरावांना चाखायला लावली. मग मिस्त्रींनी गुणाबाईला बोलावलं. “तुमी सांगा.”

तिने ओंजळ धरली आणि घोट घेतला.

“आपल्या हापशीचं पानी होय,” ती म्हणाली.

चार वाजता होडी सुटली. पुढे मंजुषा सिस्टर आणि दिव्यानी, मध्ये गुणाबाई, मागे गुणवंतराव, आणि माझ्या शेजारी गफ्फारभाई. नाला आताच तांबडा झाला होता, पाण्यावर काटक्या, पळसाची पानं आणि फेस. बांबू होडीत आडवा पडला होता आणि तो आता काही कामाचा नव्हता. सगळ्यांची नजर माझ्या धारेवर. पाण्याकडे कुणी पाहत नव्हतं.

मधोमध आलो आणि माझ्या पोटात काहीतरी सरकलं. धार बारीक झाली, दोऱ्याएवढी. मग थेंब. मग तेही थांबले. गफ्फारभाईंचा हात टोपणावर आला, आणि मी किती तापते आहे ते त्यांना कळलं. “भाऊ,” ते पुटपुटले, “बंद करू का?” बंद केलं तर होडी प्रवाहाबरोबर वाहत जाणार, नाही केलं तर मी जळणार. गुणवंतरावांनी दिव्यानीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी म्हटलं, ठीक आहे. जळायचं तर काठाला लागून जळेन. मध्ये नाही. त्या रंगवाल्याचा शब्द खरा करायला मी समुद्र सोडून इथवर आलेले नाही. मी होता नव्हता तेवढा जोर त्या रबरी चक्रीत घातला. पाणी मागून रेटत होतं, पुढे खडा अडलेला. रेट, रेट, रेट. आणि फट्कन तो सुटला! छिद्रातून हरभऱ्याएवढा पांढरा खडा उडून बाहेर पडला आणि त्याच्यामागे धार, अशी जोरकस की गफ्फारभाईंची दाढी भिजली. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “गेलं,” ते म्हणाले. “आखरीचं होतं.”

काठावर रुग्णवाहिका उभी होती. तीन दिवसांनी गडचिरोलीच्या दवाखान्यात दिव्यानीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. माझ्यापर्यंत ही बातमी आली ती गुणाबाईकडून. तिने काठावर येऊन माझ्या टोपणावर हात ठेवून सांगितली, जशी घरातल्या माणसाला सांगतात.

आता गुणवंतराव रोज संध्याकाळी मला स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये चालवतात. इथे समुद्र नाही, पण पुराच्या पाण्यात गाळ असतो आणि गाळही आत बसला की मिठासारखाच वागतो, असं गफ्फारभाई बजावून गेले आहेत. धार चाखायचं काम गुणाबाईचं. मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शेतावर पंप असेल, पडवीत एखादी शिलाईची मशीन असेल. दिवसभर तिच्याकडून काम घेतलंत ना, मग संध्याकाळची दहा मिनिटं तिची असतात. ती तिला द्या. आणि कधी कुणी बंद पडलेलं दिसलं तर रंगाचा डबा शोधण्याआधी टोपण उघडून पाहा. मी उपकार मागत नाही, माझा हक्क सांगते आहे.

राहता राहिला तो लाल शब्द. बाळ घरी आल्यावर गुणवंतराव एक दिवस रॉकेलचं फडकं घेऊन तो पुसायला बसले होते. गुणाबाईने त्यांचा हात धरला.

“पुसू नोका. लेकराच्या गालाले काजराचा टिका लावते ना, तसा राहू द्या. आता मीठ तर मले टाकू देत नाई तुमी. मंग नजर कायनं उतरन इची?”

म्हणून तो शब्द अजून माझ्या डोक्यावर आहे, आणि मी तो मिरवते. मागच्या आठवड्यात पुराची पाहणी करायला काही मंडळी आली. त्यांत गोदामातला तो माणूसही होता. माझ्याच होडीत बसला, माझ्या अगदी शेजारी. मध्यावर आल्यावर त्याने टोपणावरची अक्षरं पाहिली, वळणदार वेलांट्या ओळखल्या आणि मान खाली घातली. माझी धार त्याच्या बुटांवर उडत होती.

“साहेब,” गुणवंतराव सुकाणू न सोडता म्हणाले, “चाखून पाहा. गोड हाये.”